एफवायबीएस्सीचे इंग्रजीतले पेपर, मराठी माध्यमाच्या मुलांसाठी

दहावीपर्यंत मराठी माध्यम, अकरावी-बारावी क्लासच्या नोट्सवर निघालेली आणि आता नाशिकच्या कॉलेजात एफवायबीएस्सी, म्हणजे बीएस्सीचं पहिलं वर्ष. पेठ, सुरगाणा, कळवणकडून येणाऱ्या कितीतरी मुलांची हीच वाट. मार्क कमी पडले की सल्ला ठरलेला: स्पोकन इंग्लिशचा क्लास लाव. पहिल्या सेमिस्टरला तो लावू नका. पेपरात बोलायचं नसतं.

ग्रंथालयातून आपल्या विषयाच्या दोन-तीन वर्षांच्या प्रश्नपत्रिका मागा आणि प्रत्येक प्रश्नातल्या क्रियापदाखाली रेघ मारा. डिफाइन, स्टेट, एक्सप्लेन, डिराइव्ह, जस्टिफाय. तेच ते शब्द फिरून येतात. डिफाइनला दोन ओळी पुरतात, पानभर लिहिलंत तर वेळ गेला. डिस्टिंग्विश (फरक सांगा) आलं की मधे उभी रेघ, दोन रकाने आणि जितके मार्क तितके तरी मुद्दे. इथे मुलं आधी एकाची व्याख्या लिहितात, मग दुसऱ्याची, आणि मोकळी होतात. फरक कुठे लिहिलेलाच नसतो.

खरा घात करतात ते छोटे शब्द: रिस्पेक्टिव्हली (अनुक्रमे), अनलेस (तसं नसेल तर), एक्सेप्ट (वगळून), अ‍ॅट लीस्ट (किमान). पाच नाण्यांत 'अ‍ॅट लीस्ट थ्री हेड्स' म्हणजे किमान तीन छापे, म्हणजे तीन, चार आणि पाच या तिन्ही शक्यतांची बेरीज: 16/32. फक्त तीनच धरले तर 10/32 येतं. आकडेमोड बिनचूक, उत्तर चूक.

संज्ञांसाठी वेगळी वही करा. तीन रकाने: इंग्रजी संज्ञा, मराठी संज्ञा, स्वतः रचलेलं एक इंग्रजी वाक्य. रोज सात-आठ शब्द बास. तिसरा रकाना कोरा ठेवलात तर वही नुसती शोभेची. मराठी प्रतिशब्द शासनाच्या परिभाषा कोशांत आणि मराठी विश्वकोशात सापडतात. विश्वकोश ऑनलाइन फुकट आहे. आता मराठी कशाला, असं वाटेल. पण फोर्स, पॉवर, एनर्जी या तिन्हींना बोलताना आपण सर्रास 'ताकद' म्हणतो. बल, शक्ती, ऊर्जा अशी फोड केली आणि पुढे न्यूटन, वॅट, ज्यूल लिहिलं की गोंधळ मिटतो. ब्रीदिंग आणि रेस्पिरेशनचंही तेच: पहिलं श्वास घेणं-सोडणं, दुसरं पेशीत अन्नापासून ऊर्जा मिळवणं.

उत्तर लिहिताना वाक्य दहा-बारा शब्दांच्या आत ठेवा. गाइडमधली लांबलचक वाक्यं पाठ केली की मधली एक ओळ निसटते आणि पुढचं सगळं अडतं. मुद्दे पाठ करा, वाक्यं नकोत. आकृतीला नावं द्या, तिथे व्याकरण आडवं येत नाही. आठवड्याला एक उत्तर लिहून सरांना दाखवा.

बीए-बीकॉमवाल्यांना बऱ्याच विषयांत उत्तरं मराठीत लिहिता येतात. कोणत्या विषयात चालतं ते परीक्षेचा फॉर्म भरण्याआधी विभागात विचारून घ्या.