वर्गणीच्या यादीतले आकडे एका ओळीत

इंदूरमधल्या आपल्या गणेशोत्सव मंडळांच्या वर्गणीच्या याद्या बहुतेक वर्डमध्येच होतात, आणि नाव व रक्कम यांच्यामध्ये स्पेसबार दाबून दाबून जागा सोडलेली असते. फाँट बदलला की सगळे आकडे वाकडेतिकडे. देवनागरीत प्रत्येक अक्षराची रुंदी वेगळी, त्यामुळे स्पेसने हे नीट जुळतच नाही. टॅब स्टॉप लावा, म्हणजे टॅब दाबल्यावर मजकूर ओळीत कुठे जाऊन थांबेल ती जागा ठरवून द्या.

'व्ह्यू'मध्ये जाऊन 'रूलर'वर (पानाच्या वरची मोजपट्टी) टिक करा. मग यादीच्या सगळ्या ओळी सिलेक्ट करा. ही पायरी गाळू नका, कारण टॅब स्टॉप पानाला नाही, परिच्छेदाला लागतो. रूलरच्या डाव्या टोकाला छोटा चौकोन आहे. त्यावर क्लिक करत राहा, आरशातल्या 'एल'सारखं चिन्ह आलं की थांबा. तो उजवा टॅब. आता रूलरवर १४ सेंमीच्या आसपास क्लिक करा. मधल्या स्पेस खोडून नावानंतर एकदाच टॅब दाबा. ५०१ आणि ११,००० यांचे शेवटचे अंक बरोबर एकाखाली एक येतात. पैसेही लिहायचे असतील तर त्याच चौकोनातून डेसिमल टॅब घ्या, तो दशांश चिन्हं एकाखाली एक आणतो.

नको असलेला टॅब काढणं सोपं: ओळी सिलेक्ट करून चिन्ह पकडा, रूलरच्या खाली ओढा, सोडा. चिन्ह फिकट दिसत असेल तर निवडलेल्या सगळ्या ओळींना तो टॅब लागलेला नाही. अशा वेळी चिन्हावर डबल क्लिक करून उघडणाऱ्या खिडकीत 'क्लिअर ऑल' करावं आणि नव्याने लावावं. नाव ते रक्कम अशी ठिपक्यांची रेघ हवी असेल तर 'लीडर'ही त्याच खिडकीत मिळेल.