शांत निसर्गचित्र कसं बघावं

कोल्हापुरात पोरांना चित्रकला शिकवण्यात माझी हयात गेली. निसर्गचित्र समोर आलं की "किती शांत वाटतंय, सर" म्हणायचं आणि पुढं सरकायचं, ही सगळ्यांची सवय. मी तिथंच थांबवतो. शांत वाटलं ते कशानं, हे हुडकायचं.

आधी डोळे किलकिले करा. पानं, गवताची पाती दिसेनाशी होतात, उजेडाचे आणि अंधाराचे मोठे ठोकळे उरतात. मग आडव्या रेषा बघा: क्षितिज, पाण्याचा काठ, शेताचा बांध. निम्मी शांतता त्यांच्यातच असते. सावल्या किती लांब आहेत त्यावरून दिवसाची वेळ काढा.

मग चित्रात कुठलं काम चाललंय ते शोधा. माझा सगळा जीव यात आहे. आमच्या वर्गात इंग्लंडच्या जॉन कॉन्स्टेबल या चित्रकाराच्या 'द हे वेन'ची, म्हणजे 'गवताची गाडी' या चित्राची, छापील प्रत टांगलेली असायची. मूळ चित्र १८२१ सालचं, लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहे. तिकडच्या स्टूर नदीच्या उथळ पात्रात रिकामी घोडागाडी उभी, डावीकडं घर, काठावर कुत्रं. एका पोरानं विचारलं, "सर, गाडी पाण्यात का घातलीय?"

मला माझा आजा आठवला. उन्हाळ्यात तो बैलगाडी ओढ्यात नेऊन उभी करायचा. "लाकूड आटलंय, पाणी पिऊ दे त्याला," म्हणायचा. उन्हानं चाकाचं लाकूड आटलं की लोखंडी धाव, म्हणजे चाकावरची पट्टी, ढिली पडते. भिजलं की फुगतं आणि धाव घट्ट बसते. चित्रात तसं कुठं लिहिलेलं नाही, पण गाडी हाकलेला माणूस हेच म्हणेल. आता उजवीकडं लांब बघा. उजळ कुरणात बारकी माणसं गवत भरतायत. म्हणजे ही गाडी कामावरची आहे, घटकाभर थांबलीय. चित्राची शांतता त्या घटकाभराची आहे.

घोड्यांच्या साजावर लाल रंग आहे, तो अंगठ्यानं झाका. भोवतीचा हिरवा लगेच मलूल होतो. अंगठा काढा, परत झाका. हे करूनच कळतं.

आपल्याकडच्या चित्रांना जागा ओळखीची असते, त्याचा फायदा घ्या. शाहू महाराजांचे दरबारी चित्रकार आबालाल रहिमान यांनी कोल्हापुरातल्या रंकाळा आणि कोटितीर्थ या तळ्यांचा परिसर मन लावून रंगवला. रंकाळ्यातला संध्यामठ पावसाळ्यात पाण्यात जातो आणि पाणी उतरलं की उघडा पडतो. मठाचे खांब किती दिसतात यावरून चित्रातला ऋतू सांगता येतो.

टाऊन हॉलच्या संग्रहालयात आबालालांची चित्रं आहेत. राजारामपुरीत चंद्रकांत मांडरे कलासंग्रहालयात नट-चित्रकार मांडरे यांची निसर्गचित्रं बघायला मिळतात. एका फेरीत एकच चित्र निवडा, पंधरा मिनिटं त्याच्यापुढं उभे राहा, आणि नावाची पट्टी सगळ्यात शेवटी वाचा.