टीएनएफ रोखणारी नॅनोबॉडी: पेशींवर टाकण्याइतकी शुद्ध कशी करावी

लामाच्या जड साखळीच्या प्रतिपिंडाचं टोक म्हणजे नॅनोबॉडी, वजन सुमारे 15 किलोडाल्टन. ई. कोलाय या जीवाणूत ती सहज तयार होते. खरी परीक्षा प्रतिकारपेशींवर टाकताना होते.

रचना आधी ठरवा. टीएनएफ म्हणजे दाह पेटवणारं संदेशवाहक प्रथिन. त्याचे तीन रेणू एकत्र असतात, म्हणून दोन नॅनोबॉडी 15 अमिनो आम्लांच्या ग्लायसिन-सेरिन दुव्याने जोडल्या की पकड घट्ट बसते. टीएनएफच्या रिसेप्टरवर (पेशीवरच्या ग्राहक प्रथिनावर) मात्र जोडी वापरू नका: दोन रिसेप्टर जवळ ओढले गेले तर संदेश थांबण्याऐवजी सुरू होऊ शकतो.

जनुकाआधी पेल-बी संकेत (प्रथिन जीवाणूच्या दोन पटलांमधल्या जागेत पाठवणारा), शेवटी सहा हिस्टिडिन (निकेलच्या कॉलमला चिकटणारी अमिनो आम्लं). टेरिफिक ब्रॉथ या पोषक द्रवाचे 330 मिलीचे तीन फ्लास्क 37 अंशांवर वाढवा. ओडी (गढूळपणा, म्हणजे जीवाणूंची दाटी) 0.7 ते 0.9 झाली की 1 मिलिमोलर आयपीटीजी (जनुक सुरू करणारं रसायन) घालून 28 अंशांवर रात्रभर ठेवा. लिटरभर कल्चरच्या गाळात 12 मिली थंड टीईएस (0.2 मोलर ट्रिस पीएच 8, 0.5 मिलिमोलर ईडीटीए, 0.5 मोलर सुक्रोज) घालून तासभर बर्फावर हलवा. मग 18 मिली चौपट पातळ टीईएस, आणखी एक तास. गाळ खाली बसवून वरचं द्रव घ्या; नॅनोबॉडी त्यात असते आणि ते निकेलच्या कॉलमवर चढवायचं आहे. ईडीटीए निकेल ओढून नेतं आणि कॉलम पांढरा पडतो, म्हणून आधी 5 मिलिमोलर मॅग्नेशियम क्लोराइड मिसळा.

आता एंडोटॉक्सिन, म्हणजे ई. कोलायच्या बाह्य पटलातलं विषारी द्रव्य. इथे घाई केली तर पुढचे सगळे निकाल वाया जातात, कारण मोनोसाइट (रक्तातल्या प्रतिकारपेशी) त्यानेच टीएनएफ सोडतात. नॅनोबॉडी कॉलमवर असतानाच, 4 अंशांवर, 0.1 टक्के ट्रायटन एक्स-114 (एक डिटर्जंट) असलेल्या बफरने कॉलमच्या आकारमानाच्या 50 पट धुवा, मग ट्रायटनविना 20 पट. थंडी महत्त्वाची: साधारण 22 अंशांच्या वर ट्रायटन गढूळ होऊन वेगळं पडतं. ते मागे राहिलं तर 280 नॅनोमीटरलाही शोषण दाखवतं आणि प्रथिन जास्त भासतं. 500 मिलिमोलर इमिडाझोलने (हिस्टिडिनची निकेलवरची पकड सोडवणारं रसायन) उतरवून सुपरडेक्स 75 या आकारानुसार वेगळं करणाऱ्या कॉलमवर पीबीएसमध्ये (फॉस्फेटचं खारं बफर) चालवा. काचेची भांडी 250 अंशांवर 30 मिनिटं भाजा. ऑटोक्लेव्ह (दाबाखालची वाफ) एंडोटॉक्सिन नष्ट करायला पुरत नाही. पेशींच्या प्लेटच्या अंतिम विहिरीत एंडोटॉक्सिन 0.1 ईयू/मिलीच्या (ईयू म्हणजे एंडोटॉक्सिन एकक) खालीच ठेवा.

उकळलेली नॅनोबॉडी नियंत्रण म्हणून चालत नाही. थंड झाल्यावर ती अनेकदा पुन्हा घडी घालते, आणि एंडोटॉक्सिनही उकळून मरत नाही. त्याच पद्धतीने बनवलेली, टीएनएफशी संबंध नसलेली नॅनोबॉडी घ्या. पहिली चाचणी एल929 या टीएनएफने मरणाऱ्या उंदराच्या पेशींवर: टीएनएफ आणि नॅनोबॉडी 37 अंशांवर तासभर एकत्र ठेवा, मग 1 मायक्रोग्रॅम/मिली ॲक्टिनोमायसिन डीसह (पेशींना टीएनएफसाठी संवेदनशील करणारं औषध) घाला आणि दुसऱ्या दिवशी जिवंत पेशी मोजा.