पीएचडी करता करता वर्गावर जाताय? या चुका टाळा

आमच्याकडे विदर्भात तालुक्याच्या कॉलेजात नवा प्राध्यापक बहुतेक वेळा असा तयार होतो. सीएचबीची, म्हणजे तासांवर पगार असलेल्या तात्पुरत्या जागेची, जाहिरात निघते. एम.ए. किंवा एम.एस्सी. झालेला, नेट-सेट या पात्रता परीक्षा काढलेला, कुठेतरी पीएचडीला नाव घातलेला पोरगा मुलाखत देतो आणि पुढच्याच आठवड्यात त्याच्या हातात खडू असतो. शाळेतल्या मुलांना शिकवायचं तर डी.एड., बी.एड. लागतं. कॉलेजात शिकवायला शिकवण्याची म्हणून एकही पदवी लागत नाही. नेटचा पहिला पेपर ५० प्रश्नांचा, १०० गुणांचा, आणि अध्यापन हा त्याच्या दहा घटकांपैकी एक. चार पर्यायांतून बरोबर पद्धत निवडता आली म्हणून साठ पोरांचा वर्ग सांभाळता येतो असं नाही.

मी अर्थशास्त्र शिकवतो. गेली काही वर्षं मागच्या बाकावर बसून संशोधक विद्यार्थ्यांचे तास बघतो आणि तास संपला की त्यांच्याशी बोलतो. त्यांच्या ज्या चुका दिसतात, त्यातल्या बहुतेक मी स्वतः केलेल्या आहेत. म्हणून सुरुवात माझ्यापासूनच.

चूक: फळ्याकडे बघून शिकवणं

माझा पहिला तास मागणीच्या लवचिकतेवर होता, म्हणजे किंमत बदलली की मागणी किती बदलते यावर. बी.ए. पहिलं वर्ष. मी रात्रभर तयारी केली होती. ४८ मिनिटांत व्याख्या, सूत्र, पाच प्रकार, पाच आकृत्या, सगळं बसवलं. शेवटी विचारलं, "समजलं का?" वर्ग एका सुरात म्हणाला, "हो सर." मी खूश होऊन बाहेर पडलो.

दोन दिवसांनी पहिल्या बाकावरच्या एका मुलीची वही सहज हातात घेतली. आकृती सुरेख काढलेली, पट्टीने, दोन रंगांत. पण दोन्ही अक्ष कोरे. कुठल्या अक्षावर किंमत आणि कुठल्यावर मागणी हे तिने लिहिलंच नव्हतं, कारण मी फळ्यावर लिहिलं नव्हतं. मला ते इतकं पाठ होतं की लिहायची गरजच वाटली नाही. तिला विचारलं, "ही रेषा काय सांगते?" ती बराच वेळ वहीकडे बघत राहिली आणि म्हणाली, "सर, तुम्ही अशीच काढली होती."

आपल्याला जे अंगवळणी पडलंय ते समोरच्याला दिसत नाही, हे आपल्या लक्षातच येत नाही. विषय जितका जास्त येतो तितकी ही चूक जास्त होते, म्हणून पीएचडीच्या मुलांकडून ती हमखास होते. उपाय साधा आहे. तासाच्या तयारीचा पहिला कागद "मी काय सांगणार" असा नको. "हे पहिल्यांदा ऐकणारा पोरगा कुठे अडकेल" असा हवा. अशा तीन जागा शोधा आणि तिथे थांबा. बाकीचं पुस्तकात आहेच.

आणि प्रबंध वर्गात नेऊ नका. तुमचा विषय सहकारी पतसंस्थांची थकबाकी असेल, पण समोरच्या मुलाला अजून व्याज आणि मुद्दल यांचा हिशेब नीट लावता येत नाही. सुरुवात तिथून करावी लागते.

सगळ्यात महाग पडणारा प्रश्न: "समजलं का?"

या प्रश्नाला आमच्या भागात एकच उत्तर मिळतं. पोरं खोटं बोलतात म्हणून नाही, सरांचा मान ठेवतात म्हणून. "नाही समजलं" म्हणणं म्हणजे सरांनी नीट शिकवलं नाही असं सगळ्यांसमोर म्हणणं, असं त्यांना वाटतं. त्यातून पहिल्या पिढीतला शिकणारा असेल तर चूक आपलीच आहे असंच तो धरून चालतो.

म्हणून तो प्रश्न सोडून द्या. त्याऐवजी असं काही विचारा की ज्याच्या उत्तरातून समजलं की नाही ते तुम्हाला कळेल. लवचिकता शिकवताना मी आता विचारतो, "मीठ दुप्पट महाग झालं तर घरी भाजीत निम्मं टाकाल का?" वर्ग हसतो आणि नाही म्हणतो. मग दुसरा प्रश्न: "दिवाळीच्या सुमारास सगळ्यांचीच पऱ्हाटी (कपाशी) एकदम फुटली. वेचणीचा दर किलोमागे वाढला. शेतकरी मजूर कमी लावेल का?" इथे वर्गात दोन तट पडतात. कुणीतरी म्हणतं, लावेल ना कमी, परवडत नाही. मग जिच्या घरी वेचणी चाललेली असते अशी एखादी मुलगी म्हणते, "नाही सर, कापूस झाडावर ठेवून कसं जमल? पाणी आलं त भिजते, पिवळा पडते, मंग भावच नाही भेटत." दर वाढूनही मजुरांना असलेली मागणी फारशी का हलत नाही, हे तिनेच सांगितलेलं असतं. मी फक्त त्याला नाव देतो आणि तेव्हा सूत्र लिहितो. सूत्र शेवटी आलं की त्याची भीती वाटत नाही.

हार्वर्डमध्ये भौतिकशास्त्र शिकवणाऱ्या एरिक मझूर यांनी १९९० च्या दशकात याच धाटणीची एक पद्धत रूढ केली. एक प्रश्न टाकायचा, प्रत्येकाने आधी स्वतःचं उत्तर ठरवायचं, मग शेजाऱ्याशी वाद घालायचा आणि पुन्हा उत्तर द्यायचं. त्याला यंत्रं लागत नाहीत. आपल्याकडे हाताची बोटं पुरतात: उत्तर एक असेल तर एक बोट, दोन असेल तर दोन, छातीशी धरून, म्हणजे बाजूच्याला दिसणार नाही आणि कुणाला लाज वाटणार नाही. बहुतेकांचं बरोबर आलं तर पुढे चला. जवळपास कुणाचंच आलं नाही तर पुन्हा शिकवा. वर्ग मधोमध विभागला गेला असेल तर काहीही सांगू नका, त्यांना आपसात भांडू द्या. दोन मिनिटं गोंगाट होईल. शेजारच्या वर्गातले सर डोकावतील. होऊ द्या.

प्रश्न विचारल्यावर थांबायलाही शिकावं लागतं. मेरी बड रो या अमेरिकी संशोधिकेने वर्ग तपासून दाखवलं की शिक्षक प्रश्न विचारून जेमतेम एक सेकंद थांबतात, आणि तेच तीन सेकंद थांबले तर उत्तरं लांब येतात, जास्त मुलं बोलतात. मागच्या बाकावरून मी हे रोज बघतो. नवा शिक्षक प्रश्न विचारतो आणि शांतता सहन न होऊन स्वतःच उत्तर देतो. वर्गाला आठवडाभरात कळतं की गप्प बसलं की सर सांगतातच. मनात पाच आकडे मोजा. खडू खाली ठेवा, म्हणजे हात फळ्याकडे जाणार नाही.

"सर, नोट्स द्या ना"

ही मागणी पहिल्याच आठवड्यात येते. यावर चिडू नका, आणि लगेच डिक्टेशनही सुरू करू नका. ग्रंथालयात क्रमिक पुस्तकाच्या प्रती मोजक्या, घरी अभ्यासाला जागा नाही, परीक्षेत काय येणार याची धास्ती: मागणी खरी आहे. तास वहीत उतरवून घेण्यात गेला की दोघांनाही काम झाल्यासारखं वाटतं, आणि शिकणं मात्र राहून जातं. मी एका पानाचा सांगाडा देतो. मुख्य मुद्दे छापलेले, मध्ये जागा कोऱ्या. त्या वर्गातच भरायच्या. जो आला नाही त्याला मित्राकडून भरून घ्यावा लागतो, म्हणजे दोघं विषयावर बोलतात तरी.

बोलीला हसणं

हे फार वाईट आहे आणि आपलीच माणसं करतात. स्वतः वऱ्हाडी बोलत मोठा झालेला संशोधक वर्गात शिरला की एकदम पुस्तकी होतो, आणि एखादा पोरगा "मले वाटते" म्हणाला की "मला वाटतं म्हण" असं टोकतो. त्या पोराला जे वाटत होतं ते तिथेच संपतं. तो वर्षभर पुन्हा हात वर करत नाही. पूर्वेकडे झाडीबोली, मेळघाटात कोरकू, गडचिरोलीकडे गोंडी, यवतमाळच्या काही तालुक्यांत कोलामी. अशा मुलांसाठी प्रमाण मराठी हीच दुसरी भाषा असते आणि इंग्रजी तिसरी. आधी विचार पूर्ण ऐका. मग तोच विचार परीक्षेच्या भाषेत फळ्यावर लिहून दाखवा, दुरुस्ती म्हणून नाही, "पेपरात हेच असं लिहायचं" म्हणून. प्रत्येक संज्ञा मराठीत आणि इंग्रजीत दोन्हीकडून द्या. पुढे नेट-सेटला बसणाऱ्याला इंग्रजी संज्ञाही लागतात.

गैरहजेरीचा चुकीचा अर्थ लावणं

ऑक्टोबरात वर्ग अर्धा होतो. नवा शिक्षक म्हणतो, पोरांना शिक्षणाची आस्थाच नाही. सोयाबीनची सोंगणी सुरू असते, पाठोपाठ वेचणी. घरची शेती नसेल तर रोजीला जावं लागतं, आणि त्याच पैशांतून परीक्षेचा फॉर्म भरला जातो. दुपारच्या शेवटच्या तासाला मुली उठून जातात त्याचं कारण बहुतेक वेळा एसटी असतं. ती सुटली तर गावाला जायला दुसरं काही नाही. एकदा तुमच्या वर्गातली गावं आणि त्यांच्या एसटीच्या वेळा कागदावर मांडा. मग नियोजन बदलतं. ज्यांच्यावर पुढचा सगळा विषय उभा आहे ते घटक जुलै-ऑगस्टमध्ये घ्या. ऑक्टोबरात प्रत्येक तास स्वतंत्र समजेल असा ठेवा, म्हणजे तीन दिवस बुडवून आलेल्यालाही धागा सापडेल. पहिली पाच मिनिटं मागचं सांगण्यात घालवा, पण ते तुम्ही सांगू नका. आलेल्यांनी न आलेल्यांना सांगावं.

प्रयोगशाळेचं थोडक्यात. वेळ वाचवायला रीडिंग स्वतः घेऊन पोरांना उतरवायला देऊ नका. एका गटाचं रीडिंग चुकलं तर चुकू द्या, आणि का चुकलं हे जर्नलमध्ये लिहायला लावा. चाचणीच्या पेपरावर नुसते गुण लिहून परत देऊ नका. एक ओळ लिहा: पुढच्या वेळी काय वेगळं करायचं. साठ पेपरांना साठ ओळी होत नाहीत, त्याच चार-पाच चुका फिरून फिरून येतात.

आता गाइड आणि विभागप्रमुखांसाठी

"मला मीटिंग आहे, आज माझा तास घे." एवढ्यावर आपण संशोधकाला शिकवायला शिकवलं असं धरतो. हे प्रशिक्षण नव्हे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या पीएचडी नियमावलीत प्रत्येक विद्याशाखेच्या संशोधकाने पीएचडीच्या काळात आपल्या विषयाच्या अध्यापनाचं आणि लेखनाचं प्रशिक्षण घ्यावं असं स्पष्ट आहे. ट्यूटोरियल, प्रयोगशाळा आणि मूल्यमापनासाठी आठवड्याला ४ ते ६ तासांचं कामही त्याला देता येतं. नियम आहे. तो दाखल्यापुरता उरू नये, हे आपल्या हातात आहे. नोकरीत लागल्यावरची प्रशिक्षणं आहेत, पण सीएचबीवर दोन कॉलेजांत धावणाऱ्याला तिथे पोचायला अनेकदा वर्षं जातात. तोवर त्याच्या हाताखालून चार-पाच तुकड्या निघून जातात.

मी जे करतो ते सांगतो. पहिले पंधरा दिवस संशोधकाने मागे बसून फक्त बघायचं, मला नाही, पोरांना: कोण कधी वहीत लिहायचं थांबलं, कोण कुणाकडे बघून हसलं. मग त्याने माझ्या तासातली दहा मिनिटं घ्यायची, एकच मुद्दा. स्टॅनफर्डमध्ये १९६० च्या दशकात सूक्ष्म अध्यापन म्हणून जे सुरू झालं, त्याचं मर्म एवढंच होतं: छोटा तुकडा शिकवा, लगेच बोला, पुन्हा शिकवा.

मागच्या वर्षी एका संशोधकाने या दहा मिनिटांत सरासरी आणि मध्यक (आकडे क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा) घेतले. पहिल्या वेळी दोन्ही सूत्रं सांगितली, वर्ग थंड. आम्ही व्हरांड्यात उभं राहून बोललो. दुसऱ्या तुकडीला त्याने फळ्यावर एक गाव लिहिलं: दहा शेतकरी, नऊ जणांकडे दोन-दोन एकर, एकाकडे ८२. पोरांनी बेरीज केली, १०० आली, सरासरी दहा एकर. तो काही बोलला नाही. खडू टेबलावर ठेवला. मी घड्याळाकडे बघत होतो, सात-आठ सेकंद गेले असतील. मग खिडकीजवळचा एक पोरगा म्हणाला, "सर, मंग हा दहा एकरवाला हाये कोन?" सगळा वर्ग फळ्यावर त्याला शोधायला लागला. मध्यक दोन एकर हे त्यांनीच काढलं.

तास संपल्यावर निरीक्षणाचा कागद भरताना "छान झालं" असं लिहू नका, त्याचा कुणाला उपयोग नाही. किती पोरं बोलली, प्रश्नानंतर किती वेळ थांबला, कुठल्या मिनिटाला वर्गाचं लक्ष सुटलं, एवढं लिहा. संशोधकानेही त्याच दिवशी, घरी जाणाऱ्या एसटीत का होईना, तीन ओळी लिहून ठेवायच्या: कुठे अडकलं, कुणी काय विचारलं, उद्या सुरुवात कुठून. त्या वहीवर आम्ही शनिवारी अर्धा तास बसतो. प्रबंधाचं प्रकरण त्यानंतर उघडतो.