साथीत नियम बदलला की चाळीत, सोसायटीत काय करायचं

मे २०२० च्या शेवटी आमच्या परळच्या चाळीतले एक काका कोरोनातून बरे होऊन हॉस्पिटलमधून घरी आले आणि कमिटीवाल्यांनी त्यांना खालीच अडवलं, निगेटिव्ह रिपोर्ट दाखवा मगच वर या. पाऊण तास काका पायरीवर बसून, मांडीवर कपड्यांची पिशवी. खरं तर ८ मेलाच केंद्राने डिस्चार्जचा नियम बदललेला, सौम्य पेशंटला लक्षणं सुरू होऊन १० दिवस झाले आणि ३ दिवस ताप नसेल तर परत टेस्ट लागत नव्हती. आमच्या बोर्डावर मात्र अजून एप्रिलचाच कागद.

म्हणून पहिलं काम, कागदावरची तारीख आणि सही बघा. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणाऱ्या फोटोत नेमकी तीच कापलेली असते. सही कोणाची तेही महत्त्वाचं, डब्ल्यूएचओ सल्ला देते, त्याने आपल्यावर सक्ती होत नाही. केंद्र गाइडलाइन काढतं, राज्य साथरोग कायद्याखाली आदेश काढतं (हा १८९७ चा कायदा आपल्या मुंबईतल्या प्लेगमुळेच आला), मग महापालिकेचं परिपत्रक, आणि आपल्या दारात येतो तो वॉर्डचा माणूस. जून २०२० मध्ये पालिकेने २४ वॉर्डांत वॉर रूम केल्या, बेड तिथूनच मिळायला लागले, तेव्हा पहिला फोन आपल्या वॉर्डला.

मग नियम का बदलला ते विचारा. लोक चिडतात, काल एक सांगता आज एक. पण माहिती वाढली की सल्ला बदलणारच ना, डब्ल्यूएचओनेही मास्कबद्दलचा सल्ला ५ जून २०२० ला बदलला. कोविशील्डच्या दोन डोसमधलं अंतर आधी ४ ते ६ आठवडे, मग ६ ते ८, मे २०२१ मध्ये १२ ते १६. कारण कळलं की आजीला नीट समजावता येतं, नाहीतर ती म्हणते लस संपली म्हणून पुढे ढकलतायत.

नवीन कागद लावताना जुना आधी काढा, वर चिकटवू नका. शेजारी मोठ्या अक्षरात तीनच ओळी लिहा, काय बदललं, कोणाला लागू, कधीपासून.

आणि नियम आपल्या जागेत बसतो का ते प्रामाणिकपणे बघा. दहा बाय दहाची खोली, कॉमन संडास, तिथे होम आयसोलेशन कसं होणार? धारावीत हे ओळखूनच पालिकेने लोकांना शाळा, हॉल अशा ठिकाणी क्वारंटाइनमध्ये नेलं. तुमच्याकडे तशीच अडचण असेल तर लपवू नका, वॉर्डच्या आरोग्य अधिकाऱ्याला किती खोल्या, किती माणसं, संडास किती हे आकड्यांत सांगा, त्यावरच ते पुढचं ठरवतात.

निर्बंध उठल्यावरचा कागदही तितक्याच तातडीने लावा. २ एप्रिल २०२२ ला, पाडव्याच्या दिवशी राज्यात मास्क ऐच्छिक झाला, तरी किती गेटवर सक्तीच्या पाट्या तशाच होत्या. पाटी काढा, पण डायलिसिसवाले, केमो चालू असलेले कोणी मास्क लावून लिफ्टमध्ये आले तर त्यांना आधी जाऊ द्या.