मानसिक अवस्थेचे प्रकार्यवादी विवरण कसे लिहावे

मानसिक अवस्था कशाची बनलेली आहे यापेक्षा ती कोणते काम करते याला प्रकार्यवाद ही मनाच्या तत्त्वज्ञानातील भूमिका महत्त्व देते. विवरणासाठी एकच, ओळखीची अवस्था निवडावी. येथे दातदुखी घेऊ.

ती कशामुळे उद्भवते ते आधी लिहावे: खोलवर गेलेली कीड, त्यावर लागलेले थंड पाणी. मग ती काय घडवते ते लिहावे: माणूस दुसऱ्या बाजूने चावतो, जीभ पुन्हा पुन्हा त्याच दाताकडे वळते, हात गालाकडे जातो. पुष्कळ जण येथेच थांबतात. पण येथे थांबल्यास हाती लागतो तो वर्तनवाद, म्हणजे मानसिक अवस्थेला केवळ बाहेर दिसणारे वर्तन मानणारा विचार. मुलाखतीला बसलेला उमेदवार तोच ठणका सोसत शांत चेहऱ्याने उत्तरे देतो, कारण नोकरी मिळावी ही इच्छा आणि कण्हल्यास छाप बिघडेल ही समजूत त्या ठणक्याला चेहऱ्यावर उमटू देत नाहीत. अवस्थांचे हे परस्परसंबंध विवरणात आलेच पाहिजेत. माझ्या मते प्रकार्यवादाचे खरे बळ त्यांतच आहे.

मात्र वेदनेच्या व्याख्येत इच्छा आणि इच्छेच्या व्याख्येत समजूत आली की व्याख्या चक्राकार होते. यावर तत्त्वज्ञ डेव्हिड लुईस यांनी १९७२ मध्ये तत्त्वज्ञ फ्रँक रॅम्सी यांची तार्किक पद्धत वापरली. सर्व विधाने एकत्र जोडावीत आणि प्रत्येक मानसिक शब्दाच्या जागी चल, म्हणजे बीजगणितातल्यासारखे अक्षर, घालावे (वेदनेला क्ष, इच्छेला य, समजुतीला ज्ञ): 'अशा क्ष, य आणि ज्ञ अवस्था आहेत, की क्ष दाताच्या इजेमुळे उद्भवते आणि एरवी कण्हायला लावते, पण य व ज्ञ सोबत असल्यास कण्हणे आवरले जाते.' आता व्याख्येत एकही मानसिक शब्द उरत नाही. क्ष म्हणजे वेदना, हे तिच्या जागेवरूनच ठरते.

मसुद्यात मेंदूतील विशिष्ट तंतूंचा उल्लेख शिरला असेल तर तो काढावा. तत्त्वज्ञ हिलरी पटनम यांनी १९६७ मध्ये दाखवलेली अडचण हीच होती: ऑक्टोपसची शरीररचना आपल्याहून फार वेगळी असली, तरी त्याला वेदना होत असू शकते, आणि व्याख्येनेच ती शक्यता नाकारता कामा नये.

शेवटी तत्त्वज्ञ नेड ब्लॉक यांचा १९७८ मधील आक्षेप आपल्या विवरणाला लावून पाहावा. चीनच्या साऱ्या लोकसंख्येने संदेशांची देवाणघेवाण करून क्ष, य, ज्ञ यांचे संबंध हुबेहूब पार पाडले, तर त्या समूहाला दात दुखल्याचा अनुभव येईल काय? उत्तर 'नाही' वाटत असेल, तर ठणक्याचा जाणवणारा भाग विवरणाबाहेर राहिला असावा, ही शंका त्याच पानावर स्पष्ट नोंदवावी.