हायड्रोलिक उचलेना: पंपावर बोट ठेवण्याआधी काय काय तपासायचं

एप्रिल-मेमध्ये काळ्या रानात पलटी नांगर चालू असतो. सकाळी तो झटक्यात वर येतो, दुपारी यायला कुरकुरतो आणि संध्याकाळी धुऱ्यावर वळताना अर्ध्यातच अडकतो. ट्रॅक्टर मिस्त्रीकडे नेला की पहिलं वाक्य ठरलेलं: "पंप गेला." कधीकधी तो खरंच गेलेला असतो. पण नवा पंप बसवूनही हायड्रोलिक जशाच्या तशी, हेही नेहमीचंच आहे. उचलत नाही हे नुसतं लक्षण झालं. त्यामागे तेल, हवा, तेल गाळणारी जाळी, रिलीफ व्हॉल्व्ह (जादा दाब सोडून देणारा), डीसी व्हॉल्व्ह (तेलाची वाट ठरवणारा) किंवा अवजार उचलणाऱ्या लिफ्ट पिस्टनची ओ-रिंग (रबरी कडी), यातलं काहीही असू शकतं. म्हणून फुकटाचं आधी तपासा, महागाचं शेवटी.

हात घालण्याआधी एक गोष्ट. उचललेल्या अवजाराखाली कधीच शिरू नका. खाली ओंडका किंवा पक्का स्टँड लावा. गळती शोधताना पाइपावरून बोट फिरवू नका, पुठ्ठ्याचा तुकडा फिरवा. दीडशे बारच्या दाबाची बारीक चिळकांडी कातडीतून आत घुसते. वरून टाचणी टोचल्याएवढी खूण दिसते आणि आतून हात सडायला लागतो. असं झालं तर हळद लावून बसू नका, त्याच तासाला मोठा दवाखाना गाठा.

आता लिव्हर आणि नॉब. ट्रॉलीचं काम झाल्यावर सिलेक्टर नॉब (तेल कुठे जावं हे ठरवणारा) बाहेरच्या लाइनवर किंवा मधेच राहिला, तर थ्री-पॉइंटला, म्हणजे अवजार उचलणाऱ्या मागच्या लिंकांना, तेलच जात नाही. ऊस कारखान्याला घालून झाला आणि लगेच रोटाव्हेटर जोडला, तेव्हा हा घोळ हमखास होतो. अवजार वर राहतं पण खाली येत नाही, तर सीटखालचा रिस्पॉन्स नॉब (अवजार खाली येण्याचा वेग ठरवणारा) पूर्ण बंद आहे का बघा. मॅसी फर्ग्युसनच्या धाटणीच्या जुन्या ट्रॅक्टरात पंप पीटीओच्या (रोटाव्हेटरसारखं अवजार फिरवणाऱ्या) शाफ्टवर फिरतो. तिथं पीटीओची दांडी न्यूट्रलला असली की पंपही थांबलेला असतो. क्लच पूर्ण दाबून उचलायला गेलात तरी तेच होतं.

यानंतर तेल. ट्रॅक्टर सपाट जागी लावा, लिंका खाली सोडा आणि ट्रॉलीचा जॅक पूर्ण खाली बसवा. जॅक वर असताना काही लिटर तेल त्याच्या पोटात असतं, त्यामुळे डिपस्टिक खोटं बोलते. उलटंही होतं. एकाच्या ट्रॉलीतलं तेल दुसऱ्याच्या ट्रॅक्टरात येतं आणि त्याबरोबर कपलिंगवरचा फुफाटाही येतो. होज काढली की टोपी लावायची ही सवय पाच-दहा रुपयांची आहे. ती नसली की पंप लवकर जातो.

पातळी बघून झाली की थोडं तेल पारदर्शक बाटलीत घ्या आणि रात्रभर ठेवा. वरचा फेस तासाभरात विरला आणि तेल स्वच्छ झालं, तर सक्शनला, म्हणजे पंप तेल ओढतो त्या बाजूला, कुठेतरी हवा घेतंय. ताकासारखं पांढरट तेल सकाळीही तसंच राहिलं किंवा तळाशी पाणी बसलं, तर तेलात पाणी आहे. ते बहुतेक वेळा गिअर लिव्हरच्या फाटलेल्या रबरातून शिरतं, नाहीतर प्रेशरने धुताना ब्रीदरमधून (हवा ये-जा करायच्या छिद्रातून). अशा तेलावर नवा पंप बसवणं म्हणजे पैसे ओढ्यात टाकणं. तेल आधी बदला. गिअरबॉक्स आणि हायड्रोलिकचं तेल एकच असलेल्या ट्रॅक्टरला कंपनीने सांगितलेलं यूटीटीओ (दोन्हीला चालणाऱ्या) प्रतीचंच तेल लागतं. उरलंसुरलं इंजिन ऑइल ओतून पातळी भरू नका.

इंजिनची डिपस्टिकही याच वेळी बघा. गिअर पंप टायमिंग कव्हरवर (इंजिनच्या पुढच्या झाकणावर) बसलेला असेल, इंजिन ऑइल न टाकता वाढत असेल आणि मागचं हायड्रोलिकचं तेल मात्र कमी होत असेल, तर पंपाचं शाफ्ट सील फाटलंय. इथं फार डोकं खाजवायची गरज नाही. पंप उतरवाच, आणि पातळ झालेलं इंजिन ऑइलही बदला, नाहीतर इंजिनच्या बेअरिंगवर येईल.

पुढचं काम कानाचं. पंप दाब तयार करतो असं आपण म्हणतो, पण तो नुसतं तेल ढकलतो. दाब तयार होतो तो वाटेतल्या ओझ्यामुळे. अवजार पूर्ण वर गेल्यावर किंवा जास्त वजन आल्यावर मागून "चर्रर्र" असा आवाज येत असेल, तर रिलीफ उघडतोय. म्हणजे रिलीफ उघडण्याएवढा दाब तयार होतोय, आणि पंपात जीव आहे. असा आवाज सारखा येत असेल तर पंप सोडा, आधी लिव्हरची लिंकेज सेटिंग बघा. अवजार वर गेलं तरी व्हॉल्व्ह न्यूट्रलला येत नाहीये. "कुईंऽऽ" असा रेसबरोबर चढणारा आवाज वेगळा. तो सक्शन उपाशी असल्याचा: जाळी चोंदलेली किंवा पाइपाच्या जोडातून हवा. सक्शनच्या प्रत्येक जोडावर ग्रीस चोपडा. ज्या जोडावर ग्रीस लावताच आवाज बदलला, त्याचीच ओ-रिंग गेली.

इथवर काही सापडलं नाही तर दोन चाचण्या करा. मोबाइलमधलं घड्याळ आणि खडू पुरे.

पहिली, वेळेची. सकाळी ट्रॅक्टर थंड असताना नेहमीचं जड अवजार जोडा. इंजिन १५०० आरपीएमला धरा, लिव्हर एकदम वर घ्या आणि जमिनीपासून वरपर्यंत किती सेकंद लागतात ते मोजा. दोन तास नांगरून, तेच आरपीएम धरून पुन्हा मोजा. सकाळी तीन सेकंद आणि दुपारी सहा-सात, किंवा अर्ध्यातच थांबतंय, तर तेल आतल्या आत निसटतंय. गरम तेल पातळ होतं आणि झिजलेल्या फटीतून मागे पळतं. मे महिन्यात बेचाळीस-त्रेचाळीस अंशांत झिजलेला पंप उघडा पडतो तो यामुळेच. दुसरी खूण म्हणजे कमी रेसला उचलत नाही, रेस वाढवली की उचलतो. चोंदलेली जाळी नेमकी उलट वागते. ती थंड, घट्ट तेलात आणि जास्त रेसला त्रास देते, तेल तापलं की जरा बरं वाटतं. हा एवढा फरक ध्यानात ठेवला तरी निम्मे पंप विनाकारण उतरणार नाहीत.

दुसरी चाचणी, खाली बसण्याची. तेल गरम असतानाच अवजार वर घ्या, इंजिन बंद करा, खालच्या लिंकेच्या उंचीला मडगार्डवर खडूची रेघ मारा आणि दहा मिनिटं थांबा. रेघ सोडून लिंक झपाट्याने खाली आली तर गळती पिस्टनच्या ओ-रिंगला, सिलेंडरच्या सेफ्टी व्हॉल्व्हला किंवा डीसी व्हॉल्व्हच्या चेक व्हॉल्व्हला (तेल मागे येऊ न देणाऱ्या) आहे. इंजिन बंद असताना पंपाचा संबंधच नसतो. इंजिन चालू असताना अवजार दर काही सेकंदांनी डुलकी घेऊन पुन्हा उचकी देतं, तोही हाच आजार. मॅसीच्या जुन्या रचनेला मात्र हा नियम सरसकट लावू नका. तिथं कंट्रोल व्हॉल्व्ह पंपाच्याच अंगावर असतो, त्यामुळे गळती तिथलीही असू शकते.

अवजार वर टिकतं पण गरम झाल्यावर हळू उचलतं, असं निघालं तर संशय दोघांवर उरतो: पंप आणि रिलीफ. इथं गेजला पर्याय नाही. ०–४०० बारचा ग्लिसरीन भरलेला गेज ट्रॉलीच्या आउटलेटला लावा. तेल एवढं तापलेलं हवं की पाइपावर हात फार वेळ टिकू नये. लिव्हर ओढा, पाच सेकंदांत आकडा वाचा, सोडा. आधी कमी रेसला, मग १५०० ला, मग पूर्ण रेसला. आकडा रेसबरोबर चढत जातो पण पुस्तकातल्या आकड्यापर्यंत पोचत नाही, तर पंप झिजलाय. आकडा कुठल्याही रेसला एकाच कमी ठिकाणी अडतो, तर रिलीफची स्प्रिंग ढिली झालीय किंवा सीटमध्ये कचरा अडकलाय. बऱ्याच ट्रॅक्टरांत रिलीफ १५० ते २०० बारच्या दरम्यान उघडतो. आपल्या मॉडेलचा नेमका आकडा पुस्तकात मिळेल, किंवा बुदनीच्या केंद्रीय चाचणी संस्थेच्या रिपोर्टात.

दोन गोष्टी चुकूनही करू नका. पंपाच्या तोंडावर थेट प्लग मारून "बघू किती दाब देतो" म्हणू नका. रिलीफ वाटेत नसेल तर पंपाची बॉडी फुटते. आणि रिलीफच्या स्प्रिंगखाली वायसर घालून दाब वाढवू नका. दोन महिने नांगर भारी उचलतो, मग लिफ्टचं हाउसिंग तडकतं.

पंप उतरवलाच तर खोलण्याआधी बॉडी आणि कव्हरवर आडवी रेघ मारा, म्हणजे जोडताना उलटं बसणार नाही. आत सक्शनच्या बाजूला गिअरने घासलेली हलकी चकाकी असते, तिला घाबरू नका; दाब गिअरला त्याच बाजूला रेटतो. नख अडकेल एवढी खाच असेल तर सीलचं किट टाकून उपयोग नाही, पंपच नवा घ्या. पंप कशाने मेला तेही आतच दिसतं. लांब ओरखडे म्हणजे माती, बारीक खड्डे म्हणजे हवा किंवा उपाशी सक्शन, निळे पडलेले बुश म्हणजे कोरडा फिरला. ते कारण काढल्याशिवाय नवा बसवला तर तोही त्याच वाटेने जाणार.

नवा घेताना जुना सोबत न्या आणि अंगावरचा बाण जुळवा. उजव्या आणि डाव्या फिरतीचे पंप दिसायला सारखेच असतात. उलटा बसला की पहिल्याच स्टार्टला सील उडतं. जाळी डिझेलने धुवा, सगळ्या ओ-रिंगा नव्या टाका. सक्शनला टेफलॉन टेप किंवा सिलिकॉन नको, त्याचेच तुकडे व्हॉल्व्हमध्ये जाऊन बसतात. बसवण्याआधी पंपाच्या तोंडात तेल ओतून शाफ्ट हाताने चार वेढे फिरवा. इंजिन चालू झाल्यावर रेस न देता दोन-तीन मिनिटं ठेवा, मग रिकाम्या लिंका दहा-बारा वेळा वर-खाली करा, तेलाची पातळी पुन्हा बघा आणि त्यानंतरच नांगर जोडा. पन्नास तासांनी जाळी एकदा काढून बघा. जुन्या पंपाची लोखंडी भुकटी पाइपात राहिलेली असते, ती याच वेळी जाळीवर येऊन बसते.